वन्संचं बोट

एका सरकारी दवाखान्याच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात मी समुपदेशक आहे. चौदा वर्षं झाली. लोक समोर बसतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि उठता उठता खरा प्रश्न विचारतात. बसच्या दांड्याला रक्त होतं, हात लागला. डास मारला तर तळहातावर रक्त निघालं, ते कोणाचं असेल? मी तेच तेच सांगते. हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही, धड कातडीतून आत जात नाही, डासामुळे तर होतच नाही. हल्ली बोलताना माझा आवाज मलाच परक्यासारखा ऐकू येतो.

त्या दिवशी हडपसरहून आलेला एक आयटीतला मुलगा बसला होता. चपलेवर कुणाच्या तरी रक्ताचा थेंब पडला म्हणून चौथ्यांदा आला होता. तीनदा तपासणी झालेली, तिन्ही वेळा निगेटिव्ह.

"पण मॅडम, हंड्रेड पर्सेंट?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. समजावण्याचं त्राण उरलं नव्हतं.

नारायण पेठेतल्या आमच्या फ्लॅटवर आले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, विळीवर दुधी चिरत होत्या. यजमान गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. यजमानांकडूनच त्यांना एचआयव्ही झाला. नऊ वर्षं त्या रोज न चुकता गोळी घेतात, आणि प्रत्येक तपासणीत रक्तातला विषाणू मोजता येऊ नये इतका कमी निघतो. त्यांना माझ्याच घरी आणा, असा हट्ट मी धरला होता.

माझ्याकडे बघायला त्यांनी मान वळवली आणि बोट पात्यावर गेलं. रक्त भळाभळा दुधीवर सांडलं. मी पर्स टाकून धावले, त्यांचं बोट मुठीत घट्ट दाबून धरलं. मग माझ्या अंगठ्याकडे लक्ष गेलं. नखाशेजारची साल सकाळीच निघाली होती.

मी हात सोडला.

मोरीत जाऊन साबणाने हात धुतले. परत धुतले. नळ बंद करून बाहेर आले तेव्हा वन्संनी जुन्या ओढणीची चिंधी बोटाला बांधली होती. पाट पुसला होता. दुधी कचऱ्यात होता.

"आज पिठलं करू," त्या म्हणाल्या. "तुला नीट जेवण जाईल."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. एका पेशंटचं विचारायचंय म्हणून सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हा पेशंट आपल्याकडेच पगारावर आहे का?"

मी खाली बघितलं.

"त्यांच्या रक्तात विषाणू जवळजवळ नाही. सालपट सकाळचं. लगेच धुतलंत. लागण टाळायच्या औषधाची गरज नाही, मी लिहून देणार नाही. आणि हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं."

होतं. तरीही पुढचे काही दिवस मी अंगठा उजेडात धरून बघत होते.

घरी वन्सं चिरायला बसेनात. हात दुखतो म्हणायच्या. स्वतःचं ताट त्या आधीच घासून वेगळं ठेवायच्या. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, "सवय आहे." मी आमटी वाढत राहिले. पंधरवडाभर आम्ही दोघी एकमेकींशी नको इतक्या गोड बोलत होतो.

एका रविवारी त्या ताट वेगळं ठेवत असताना मी ते उचलून बाकीच्या ताटांत ठेवलं.

"वन्सं, त्या दिवशी मी घाबरले."

"मला दिसलं."

"मला सगळं ठाऊक असून."

"मलाही ठाऊक आहे. तरी बोट कापलं की पहिल्यांदा मीच घाबरते. तुला लागू नये म्हणून." त्या स्टुलावर टेकल्या. "रागावले नाही गं मी. पण कुणाला बरं वाटावं म्हणून हसायचा फार कंटाळा आलाय."

मी माफी मागितली.

"भाजी तू चिर काही दिवस," त्या म्हणाल्या. "माझं बोट खरंच दुखतंय."

मी विळी घेऊन खाली बसले. त्यांनी शेपूची जुडी सोडली आणि निवडलेल्या काड्या एकेक करून माझ्या हातात देऊ लागल्या.