फोरमनचे मडफ्लॅप

खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून फोरमनचं बूड एका जागी टेकत नव्हतं. चहाचा कप अर्धा ठेवून तो अंगणात जाई, पक्कड घेऊन परत येई आणि ती कशाला आणली हे आठवत खिडकीशी उभा राही. त्यात त्याने मडफ्लॅप करायला घेतले, मग तर घरात कोणालाच चैन पडेना.

कारण तसं चारचौघांत सांगण्यासारखं होतं. थोरला भाऊ, दादा, आजारी होता आणि ते दुखणं बरं होण्यातलं नव्हतं. दोघा भावांनी मिळून मागे एक जुनी कॅराव्हॅन घेतली होती. गाडीला जोडून ओढत न्यायची, आत दोन माणसांची निजायची सोय आणि एक शेगडी, एवढंच ते घर. ती फोरमनच्या अंगणात असायची. "ती घेऊन ये," दादा फोनवर म्हणाला होता. "या खोलीचं छत बघून विटलोय. एकदा तिच्यात निजतो, दार सताड उघडं टाकून." दादाच्या घराकडचा शेवटचा रस्ता मात्र नुसता खडीचा. गाडीच्या चाकांनी उडालेला दगड मागच्या कॅराव्हॅनच्या काचेवर बसायचा. तेव्हा चाकांमागे जाड रबराचे मडफ्लॅप लटकवू आणि मगच निघू, असं फोरमनने जाहीर केलं.

बाजारात तयार मिळत होते, पण ते त्याच्या मनास येईनात. एक पातळ, एक आखूड, तिसऱ्यावर कंपनीचं नाव.

"नाव लिहिलेलं असलं की दगड जास्त लागतात का?" बायकोने विचारलं.

खाणीवरून त्याने यंत्राच्या पट्ट्याचं जुनं रबर आणलं. सुरी अडकू नये म्हणून साबणाचं पाणी लावत ते कापलं, वर लोखंडी पट्टी बसवली, बोल्टांना मोठे वॉशर घातले. काम सुबक होतं, यात वादच नाही. पण भोकं केसभर तिरकी आली म्हणून पहिली जोडी मोडीत काढली. दुसरीची पट्टी गंजेल म्हणून तिला रंग दिला. तो वाळायची वाट पाहिली, मग रंगाचा दुसरा हात. टाळाटाळ करायला माणूस जेवढा राबतो तेवढा कामासाठी राबत नाही. दादाचा फोन आला की याचे हात नेमके साबणाचे असत आणि बायकोला तो घ्यावा लागे. आधी दादा विचारायचा, "कधी निघताय?" मग ते विचारेनासा झाला. नुसतं म्हणायचा, "तो बरा आहे ना?" ते कानावर आलं की फोरमन आणखी एक वॉशर शोधायला लागे.

एका सकाळी तो उठून बघतो तर बायकोने पिशव्या कॅराव्हॅनमध्ये नेऊन ठेवलेल्या.

"जोडा," ती म्हणाली.

त्याने जोडली. कॅराव्हॅनचा भार हुकावर आला, गाडीचं मागलं अंग खाली बसलं आणि दोन्ही मडफ्लॅप जमिनीला टेकून दुमडले.

फोरमन बघतच राहिला. भार टाकल्याशिवाय माप घ्यायचं नाही, हे त्याने वर्कशॉपमधल्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं होतं, वेळप्रसंगी शिव्या घालून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

"आता हे सगळं परत खोलावं लागणार," तो म्हणाला. म्हणताना त्याला हायसं वाटलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"इतक्या दिवसांत एकदाही जोडून बघितली नाहीत?"

"राहिलं."

"तुमच्याकडून माप राहतं होय?"

तो चाकाशी उकिडवा बसला. "जोडली असती तर निघावं लागलं असतं," तो म्हणाला. "मला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा तो. आता कूस बदलायलाही माणूस लागतो म्हणे. मला नाही बघवणार."

बायको त्याच्याजवळ येऊन वाकली. मग म्हणाली, "तुम्ही त्यांना बघावं म्हणून नाही बोलवत ते. त्यांना तुम्हाला बघायचंय."

तिने आतून सुरी आणून त्याच्या हातात दिली. आडवं पडून, साबणबिबण न लावता, त्याने दोन्ही मडफ्लॅप खालून कापले. कडा वाकड्यातिकड्या झाल्या. त्या तशाच ठेवून दोघं निघाली.

खडी लागली तसे दगड रबरावर ताडताड बसू लागले. प्रत्येक आवाजाला फोरमन आरशात बघे. "पुढे बघा," बायको म्हणे. मध्येच त्याला वाटे, उशीर झाला तर? आणि तो वेग वाढवी. लगेच वाटे, मागे फिरावं. पण त्या अरुंद रस्त्यावर कॅराव्हॅन वळवायला जागाच नव्हती.

वहिनीने दादाला खुर्चीत बसवून दारात आणलं होतं. फोरमन उतरला आणि तिकडे न बघता कॅराव्हॅनच्या पुढ्यात जाऊन वाकला. काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. तरी तो हात फिरवत राहिला.

"काच राहू दे रे," दादा म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण त्याचाच होता. "जवळ ये जरा. मला आता इतक्या लांबचं दिसत नाही."

फोरमनने हात पँटला पुसले आणि तो गेला.