डॅम्परमधलं तेल

दादाने तो खोका दीड वर्ष उघडला नव्हता. जपानच्या कुठल्याशा बंदरात बोट थांबली असताना त्याने तो घेतला, आणि पुढच्या सुट्टीत निवांत जोडू म्हणून माळ्यावर ठेवून दिला. पण त्याआधीच बोटीच्या इंजिनरूममध्ये त्याचा उजवा हात पंपाच्या पट्ट्यात सापडला. तर्जनी आणि मधलं बोट अर्ध्यावर गेलं. अंगठा वाचला, पण ताठ राहिला. त्यानंतर तो देवबागला आला तो सुट्टीवर नव्हे, कंपनीच्या पत्राची वाट बघायला.

पत्र डिसेंबरात आलं. जानेवारीच्या अखेरीस मुंबईच्या ऑफिसात हजर व्हायचं, तिथल्या वर्कशॉपमध्ये हाताची परीक्षा होईल, जमलं तर पुन्हा बोटीवर फिटर. ज्याला यायचं नसेल त्याने तसं आधी लेखी कळवावं. दादाने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मला म्हणाला, माळ्यावरचा खोका काढ.

मी मालवणच्या बाजारात घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचो, त्यामुळे बारीकसारीक कामाचा मला भारी गर्व होता. खोक्यातली रिमोटची गाडी जत्रेत मिळणाऱ्या खेळण्यातली नव्हती. आत एकही जोडलेला भाग नव्हता. नुसत्या पिशव्या, त्यांत दातेरी चाकं, दांडे, स्प्रिंगा, मुंगीएवढे स्क्रू, आणि एक मोटर. सोबत चित्रांचं पुस्तक. ज्याचे हात चांगले त्याची गाडी चांगली, असा सगळा मामला. दादाला नेमकं तेच हवं होतं.

पहिले आठ दिवस माझ्या सहनशक्तीचा अंत बघणारे होते. दादा पाटावर बसून एकेक स्क्रू उरलेल्या अर्ध्या बोटांत धरायचा, तो निसटायचा, शेणाने सारवलेल्या जमिनीवर कुठेतरी लपायचा. मी शोधून द्यायचो. पुन्हा निसटायचा. मला ते काम दोन मिनिटांत करता आलं असतं, आणि ते न करता बघत बसणं म्हणजे शिक्षाच. एकदा न राहवून मी हात पुढे केला, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघायची आणि पुन्हा आत जायची.

कुठला भाग घालायचा यावरून आमची रोज खडाजंगी व्हायची. मोटरवर बसवायला दोन दातेरी चाकं आली होती, एक मोठं, एक लहान. मोठ्याने गाडी पळते, लहानाने जोर मिळतो. मला मोठं हवं होतं, तो लहानावर अडून बसला. पुळणीत आधी गाडी हलूक व्हयी, मग धावूक, असं त्याचं म्हणणं. त्याचंच बरोबर निघालं, आणि मी दोन दिवस घुश्शात होतो. आसांना आधार देणारी प्लॅस्टिकची बुशं वाळूने आठवड्यात खाल्ली, तेव्हा मी दुकानातल्या लहान लेथवर पितळेची नवी कातून दिली. रिमोटचा इशारा पकडणारा डबा खाऱ्या हवेने जाऊ नये म्हणून तो फुग्यात घालून तोंड बांधलं. कोरड्या वाळूसाठी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून टायरांवर आडव्या चिकटवल्या, ओल्या वाळूसाठी त्या परत सोलून काढल्या.

खरं भांडण झालं ते रिमोटवरून. त्याला दोन दांड्या होत्या. डावीने वेग, उजवीने दिशा. म्हणजे दिशा त्या ताठ अंगठ्याच्या हवाली. मी सहज म्हणालो, आतल्या दोन तारा बदलल्या की दिशा डाव्या हातात येईल, पाच मिनिटांचं काम आहे. दादाने रिमोट खाली ठेवला.

"इंजिनरूमात हात बदलूक गावता काय?" तो म्हणाला.

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग आले डॅम्पर. चार चाकांपाशी बोटाच्या पेराएवढ्या चार नळ्या, आत तेल आणि दट्ट्या. चाक उसळलं की दट्ट्या तेलातून सावकाश सरकतो आणि गाडीला धक्का बसत नाही. खोक्यातली तेलाची बाटली मात्र माळ्यावरच्या उकाड्यात झिरपून रिकामी झाली होती. शिवणयंत्राचं तेल घातलं तर ते पातळ, गाडी बेडकासारखी उड्या मारी. ग्रीस घातलं तर चाकं हलेचनात. दादा म्हणाला, दोघांच्या मधलं काहीतरी शोध, तू एवढा मेकॅनिक.

त्या चिडवण्याने मी पेटलो. दुपारी वहिनी विहिरीवर गेली असताना फळीवरची खोबरेलाची बाटली घेतली आणि चारही नळ्या भरल्या. गाडी अंगणात सोडली तर काय सांगू, पायरीवरून उतरली ती मांजर उतरावी तशी. दादाने विचारलं, कसलं तेल. मी म्हणालो, ते माझं गुपित. खोबरेल म्हणालो असतो तर तो हसला असता, आणि मला हसं करून घ्यायचं नव्हतं. एवढंच कारण.

पुढचा पंधरवडा तो रोज दुपारी सराव करायचा. अंगणात, मग माडांच्या आळ्यांमधून, मग किनाऱ्यावर. अंगठा हळूहळू वळणात येत होता. त्याचं बोलणं वाढलं, जेवण वाढलं. एके दिवशी त्याने वहिनीकडे बारा करवंट्या मागितल्या आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "बाराय करवंट्यांका न लागता तीन येळा गाडी फिरली, तर मी मुंबैक जातलंय. नाय तर जमणा नाय म्हणान लिवन देतलंय."

वहिनी उठून चुलीकडे गेली. मी मोजदाद केली, मुंबईला जायला दहा दिवस होते.

ओहोटीची घट्ट वाळू सकाळी सातला मिळणार होती, म्हणून परीक्षा सकाळी ठरली. त्या दिवशी अशी थंडी होती की रापणीचं जाळं ओढायला आलेली माणसं कान बांधून बसली होती. मी करवंट्या एका ओळीत पालथ्या मांडल्या, दोन पावलांवर एक; गाडी त्यांच्यामधून नागमोडी न्यायची. दादाने रिमोट हातात घेतला. त्याचा जबडा आवळलेला मला लांबून दिसत होता.

पहिल्या तीन करवंट्या नीट गेल्या. चौथीला पुढचं चाक वाळूच्या वळीवर आदळलं, उचललं गेलं, आणि गाडी वळायची ती सरळच गेली. करवंटी उडाली. मग सहावी. मग सातवी. दादा दांडी वळवत होता आणि गाडी त्याचं काहीएक ऐकत नव्हती, नुसती दणके खात भलतीकडे घसरत होती. दुसऱ्या फेरीत तर तिसरीलाच धडकली. एकूण अकरा करवंट्या लागल्या. तिसरी फेरी त्याने घेतलीच नाही. रिमोट बंद केला आणि आपल्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "बघितलंस? आयकणा नाय तो."

घरी येऊन मी गाडी तपासली. तोवर अकरा वाजले होते, ऊन चढलं होतं. चाकं वळत होती, बॅटरी भरलेली, डॅम्पर दाबले तर मऊ सरकत होते. गाडीत खोट नव्हती. मग खोट हातातच, असं मलाही वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. बारा वर्षं तो समुद्रावर होता. आता घरी राहील, दुकानात माझ्या शेजारी बसेल, असे मनात मांडे खाल्ले.

संध्याकाळी त्याने निळ्या आंतर्देशीय पत्रावर डाव्या हाताने चार ओळी लिहिल्या आणि मला दिलं. उद्या बाजारात जाशील तेव्हा पेटीत टाक.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र शर्टाच्या खिशात घालून मी निघालो. वहिनी न्हाणार होती. अंगणात तुळशीपाशी, जिथे पहिलं ऊन पडतं तिथे, तिने खोबरेलाची बाटली ठेवली होती. थंडीत प्रत्येक घरी ठेवतात तशीच. लहानपणापासून मी ती बाटली तिथे बघत आलो होतो. आत तेल पांढरंफटक गोठलेलं होतं, मेणासारखं.

मी तिथेच थांबलो. दुपारी भरलेलं, दुपारी चालवलेलं, ऊन चढल्यावर तपासलेलं ते तेल. सकाळी सातला चारही नळ्यांत ते असंच बसलं असणार, आणि चार चाकं चार खुंट्यांसारखी ताठ झाली असणार. दादाचा अंगठा सांगत होता ते बरोबर सांगत होता. गाडीच ऐकण्याच्या स्थितीत नव्हती.

आणि तरीही मी बसमध्ये चढलो. हे लिहायला मला लाज वाटते. बाजारात पोस्टाच्या पेटीसमोर मी दोनदा जाऊन आलो. टाकलं की संपलं, कोणाला कळणार नाही, दादा घरी राहील, हात पुन्हा कुठल्या पट्ट्यात सापडायचा नाही. हे सगळं त्याच्याच भल्याचं आहे असं मी स्वतःला पटवत होतो. दुकानात एका घड्याळाचं झाकण उघडलं आणि स्क्रू माझ्या हातून निसटला. धडधाकट पाच बोटांतून. मी दुकान बंद केलं आणि दुपारच्या बसने घरी आलो.

दादा किनाऱ्याकडे गेला होता. वहिनी एकटी होती. मी तिला सगळं सांगितलं, तेल, बाटली, खिशातलं पत्र. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मी म्हणालो, वयनी, तू सांगशील तसं करतो. सुपातले हात थांबवून ती म्हणाली, "ते घराक रवले तर माका बराच आसा, भावजी. पण असे रवलेले नको. सांगा तेंका."

दादा आल्यावर मी उभ्या उभ्याच सांगितलं. तो रागावेल, ओरडेल, अशी माझी तयारी होती. त्याने शांतपणे विचारलं, "तुका कधी कळला?"

"सकाळी."

"आणि आता वाजले किती?"

तीन वाजले होते. त्या एका प्रश्नाने मला जेवढं मारलं तेवढं कोणी हाताने मारलं नसेल.

त्याने गाडी पाटावर घेतली आणि चारही डॅम्पर स्वतः उघडले. मला हात लावू दिला नाही. शेजारच्या लाँचवाल्याकडून इंजिनाचं जाड तेल आणलं, शिवणयंत्राच्या तेलात थेंब थेंब मिसळलं, नळ्या भरल्या आणि वहिनीच्या माठातल्या गार पाण्यात बुडवून ठेवल्या. बाहेर काढून दाबून बघितल्या. जड वाटल्या, ओतून पुन्हा भरल्या. असं चार वेळा. अर्ध्या बोटांनी. एकही स्क्रू खाली पडला नाही, आणि हे त्याच्या लक्षातही आलं नसावं.

सकाळी थंडी तशीच होती. ओहोटी मात्र आता उशिरा लागणार होती आणि दादा सातच्या पुढे थांबायला तयार नव्हता. गोठायचं तर आताच गोठू दे, म्हणाला. घट्ट वाळूची पट्टी अरुंद होती, लाटांचं पाणी शेवटच्या करवंट्यांच्या जवळ येऊन परतत होतं. वहिनीही आली होती, सुरूच्या झाडांपाशी पदर अंगभर घेऊन उभी. पत्र अजून माझ्याच खिशात होतं.

पहिली फेरी स्वच्छ गेली. गाडी वळींवरून वाकत, बसत गेली, एकही करवंटी हलली नाही. दुसरीही गेली. तिसऱ्या फेरीत आठ झाल्या, नऊ झाल्या, दहा झाल्या. अकराव्या करवंटीपाशी पाणी आलं, दादाने किंचित लवकर वळवली, आणि मागच्या चाकाचा धक्का लागून करवंटी कलंडली.

बारावी ओलांडून गाडी थांबली. त्याच्या शब्दाप्रमाणे तो नापास होता, आणि शब्द फिरवणारा माणूस तो नव्हे. तो चालत माझ्याकडे आला आणि हात पुढे केला. मी पत्र दिलं. त्याने ते फाडलं नाही. चुरगळून त्याचा बोळा केला आणि त्या बोळ्याने गाडीच्या चाकांवरची ओली वाळू पुसायला लागला.

"परवा लागल्यो त्यो सगळ्यो तुज्यो," तो म्हणाला. "आज लागली ती एक माजी. एकीचा काय ता मी बघतलंय."

मी सुरूच्या झाडांकडे बघितलं. वहिनी घराकडे निघाली होती.

तो मुंबईला गेला, वर्कशॉपमधली परीक्षा पास झाला आणि मार्चमध्ये बोटीवर चढला. बोटीवर जायला निघाला त्या दिवशी त्याला कणकवलीला मुंबईच्या गाडीत बसवून मी परत आलो तेव्हा दुपार झाली होती. वहिनीने मला पान वाढलं. आम्ही जेवताना ती पंखा घेऊन समोर बसायची, तशी बसली. मग पंखा थांबवून म्हणाली, "सांगा म्हणान मीच म्हटलंय, ता खरा. पण माका वाटला, तुम्ही सांगूचे नाय."

मी मान खाली घालून जेवत राहिलो.