डोंगरावरचा डबा आणि इडलीचं पीठ

आधी एक गोष्ट सांगते, जी मला स्वतःलाच माहीत नव्हती: उंच डोंगरावर शी कुजतच नाही! थंडीत ती तशीच पडून राहते आणि बर्फ वितळला की थेट ओढ्यात. म्हणून काही ठिकाणी ट्रेकला गेलेल्यांनी आपापली शी पिशवीत भरून खाली पाठवायची असते. त्या पिशव्या आणायचा डबा मी बनवत होते, कॉलेजचं शेवटचं प्रोजेक्ट म्हणून. तोही कुंभकोणममध्ये बसून, जिथे मी चढलेला सगळ्यात मोठा चढ म्हणजे आमच्या गच्चीचा जिना.

डबा पाठीवर घेणार होते तिथले एक हमालदादा. ट्रेक नेणाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर आमची गाठ घालून दिली. माझं हिंदी ऐकून दादा आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "बेटी, मागच्या वर्षी उतरताना पिशवी फुटली. माझ्या पाठीवर. तुझा डबा गळणार नाही ना?"

"अजिबात नाही दादा! शंभर टक्के!"

बोलून बसले. एकही चाचणी न करता!

आता चाचणीला खरी शी आणली असती तर अम्माने मलाच घराबाहेर ठेवलं असतं. आमच्याकडे आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मग तसंच घट्ट, तसंच जड, घरात कायम असणारं काय? इडलीचं पीठ! दोन पिशव्या भरल्या, डब्यात ठेवल्या, रबर लावून झाकण आवळलं, आणि डबा गच्चीवर उन्हात ठेवून जेवायला गेले.

दुपारी धडाम!

गच्चीवर अम्माचं सोवळ्याचं लुगडं वाळत होतं. होतं म्हणजे, आता त्यावर पीठ होतं.

"अगो, इडलीच्या पिठाचं झाकण कोण आवळतं?" अम्मा ओरडली. "लहानपणापासून बघतेस ना, सैल ठेवते मी ते?"

"पण अम्मा, ती शी आहे."

"ऐयो! पीठ आहे का शी, एक काय ते ठरव!"

मला हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांसमोर दादांची पाठ आली. कारण वर थंडीत पिशवी गप्प पडून राहणार. दादा खाली उतरत जाणार तशी हवा गरम होणार, आतलं फुगणार, आणि फुटणार ते त्यांच्या पाठीवर. मागच्या वर्षीही हेच झालं असेल. आणि झाकण सैल ठेवावं तर चालताना सांडणार!

संध्याकाळी दादांना फोन लावला. "दादा, डबा फुटला. शंभर टक्के म्हणाले ते खोटं होतं."

"फुटला? कोणावर?"

"अम्माच्या लुगड्यावर."

ते इतके हसले की फोन दुसऱ्या कानाला लावावा लागला. मग म्हणाले, "नवा केलास तर घेऊन पळून बघ. उतारावर आम्ही चालत नाही, पळतच येतो."

मग झाकणाला भोक पाडलं. त्यात वर वाकवलेली बारीक नळी, नळीत वासासाठी करवंटीचा कोळसा आणि तो सांडू नये म्हणून कापडाचं बूच. कापड शेजारच्या दारासुरम गावातल्या विणकरमामांकडचं, दाट विणीचं रेशीम. "शीच्या डब्याला रेशीम?" ते म्हणाले. "लग्न आहे का त्याचं?"

दुसऱ्या दिवशी पिठाचा डबा पुन्हा उन्हात ठेवला. दुपारभर मी कानात बोटं घालून बसले. फुटला नाही! मग अप्पांचा पांढरा शर्ट घातला, डबा पाठीला बांधला आणि गच्चीच्या जिन्यावरून धडधडत खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. अप्पा व्हिडिओ काढत होते, अम्मा खालून ओरडत होती, "पाय मोडशील! अजून एकदा!"

शेवटी तिने मला पाठमोरी उभी केली. शर्ट बघितला. मग, आंघोळ झालेली असूनही, वाकून डब्याचा वास घेतला.

"कोळशाचा येतो," म्हणाली.

शर्ट घामाने भिजला होता, पण पिठाचा एक थेंब नव्हता. व्हिडिओ दादांना पाठवला. मी तीनदा फोन उलटसुलट करून बघितला. मग एकच शब्द आला:

"उचलतो."