दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

आमदार मिराबाई चव्हाण सभागृहात उभी राहिली की मंत्र्यांचा हात आधी पाण्याच्या ग्लासाकडे जातो, असं आखाडा बाळापूरच्या बाजारात कुणीही सांगेल. बाजारातल्या बोलण्यात तिखटमीठ असतंच, पण इथं ते फारसं घालावं लागत नाही. तिच्या बंजारा तांड्यावर तिला आजही कुणी अहो-जाहो करत नाही, मग आपण तरी कशाला करायचं? बाई उंचीनं बेताची, आवाज मात्र रानात पांगलेले बैल माघारी वळवणारा. नवरा देविदास वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवतो. बायकोचं भाषण मोबाइलवर ऐकवल्याशिवाय तो कुणाच्या टायरात हवा भरत नाही.

प्रश्न विचारायची रीत ती विधानभवनात शिकली नाही. ती शिकली नसाबात. नसाब म्हणजे तांड्याची न्यायबैठक. तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या दारात लिंबाखाली सगळे बसतात आणि ज्याला विचारलंय त्याचं उत्तर येईस्तोवर कुणी उठत नाही. उत्तर आलं, शब्द दिला, की विषय मिटला. तो पुन्हा उकरायचा नाही. दिलेल्या शब्दावर दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला चारचौघांत खोटारडा म्हणणं, आणि तेवढ्यावरून तिथं सोयरिकी तुटलेल्या आहेत. मिराबाईचा बाप नायक होता. त्याच्या पाठीमागे बसून, कान टवकारून ती हे सगळं ऐकत वाढली.

पहिल्याच अधिवेशनात विजेचा विषय निघाला. ऊर्जामंत्र्यांनी शेतीपंपांचा पुरवठा सुरळीत असल्याचं सांगितलं. मिराबाई उठली. "सुरळीत हाय, पण रातच्याला. मंत्रीसाहेबांनी एकदा आमच्या हळदीला रातचं पाणी देऊन पाहावं. पायाखाली दोर हाय का साप, ते मग कळतं." सभागृह हसलं, मंत्रीही हसले, पण ही बाई काही खाली बसेना. उत्तराआधी बसायचं असतं हे तिच्या गावीच नव्हतं. अखेर तिच्या भागातल्या फीडरवर दिवसाची वीज आली आणि देविदासला हवा भरायला उशीर होऊ लागला, कारण ते भाषण लांबलचक होतं.

मग हळदीचा झगडा पेटला. व्यापारी म्हणत माल ओला येतो, शेतकरी म्हणत तुमचा काटा खोटा. लिलाव बंद पडले. मिराबाईनं दोन्हीकडच्या जाणत्यांना कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यावर बोलावलं आणि ढाबेवाल्याला ताकीद दिली, तोडगा निघाल्याशिवाय ताट वाढायचं नाही. आत फोडणी चुरचुरत होती, बाहेर वाद रंगला होता. भुकेनं भल्याभल्यांची अक्कल ठिकाणावर येते. ओलावा मापायचं यंत्र आणि काटा, दोन्ही लिलावाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर ठेवायचं ठरलं आणि मगच भाकरी आल्या. पुढे हाच तोडगा तिनं सभागृहात मांडला, तेव्हा विरोधकांनीही बाकं वाजवली.

पण तिच्या काळजाला लागलेला विषय वेगळाच होता. दिवाळी सरली की तांड्यातली नवरा-बायकोची जोडपी ऊसतोडीला निघतात. मागे वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून शाळेतून काढून तिचं लग्न उरकायचं. मिराबाईचंही असंच उरकलं होतं. देविदास भला निघाला हे तिचं नशीब. सगळ्याच पोरींचं नशीब तसं नसतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पावसाळी अधिवेशनात तिनं लक्षवेधी लावली. बाळापुरात मुलींच्या हंगामी वसतिगृहाची इमारत उभी आहे, तिला कुलूप का? वसतिगृहाच्या खात्याचे मंत्री म्हणाले, "हंगाम सुरू होण्याआधी हे वसतिगृह सुरू होईल, असं आश्वासन मी सभागृहाला देतो."

मिराबाई हात जोडून खाली बसली. इतक्या लवकर ती कधीच बसली नव्हती.

तिचं कार्यालय सांभाळणारे उद्धवराव देशपांडे हिंगोलीचे. अख्खी नोकरी कचेरीत गेलेली, नियम तोंडपाठ, कपाळावर कायमची आठी. ते म्हणाले, "ताई, आश्वासनाचा पाठपुरावा करावा लागतो. त्यासाठी सभागृहाची वेगळी समिती असते."

"शब्द दिला ना काका त्यांनी? भर सभागृहात दिला. आता पुन्हा काय विचारायचं? बरं दिसतं का ते?"

उद्धवरावांनी आणखी एकदोनदा विषय काढून पाहिला, मग कानाला खडा लावला.

दिवाळीत मिराबाई तांड्यावर भावाकडे गेली. प्रेमदास तिचा थोरला भाऊ, दरवर्षी बायकोला घेऊन ऊसतोडीला जाणारा. ओसरीवर लाडू आले, गप्पा निघाल्या आणि घरामागून एक बारीक सूर तिच्या कानावर पडला. कुणीतरी रडत असल्यासारखं गात होतं. मध्येच थांबायचं, एक थोराड आवाज ओळ सांगायचा, की बारीक आवाज पुन्हा सुरू.

मिराबाईच्या हातातला लाडू हातातच राहिला. ते ढावलो होतं. लग्न झालेली पोरगी सासरी निघताना आई, बाप, भाऊ, मैत्रीण अशा एकेकाच्या गळ्यात पडून रडतरडत जे गाते, ते ढावलो. ते आपोआप येत नाही, लग्नाआधी शिकवावं लागतं. जिला नीट गाता आलं नाही, तिला बाया हसतात. मिराबाईनं स्वतः ते अशाच वयात, आईचे फटके खात पाठ केलं होतं. आता घरामागं रूपाबाई, तिची भावजय, शिकवत होती आणि शिकत होती पुनम, नववीत असलेली भाची.

"कधी हाय लगन?" मिराबाईनं विचारलं.

"कुणाचं?" प्रेमदास छपराकडे पाहत म्हणाला.

"दादा, मी आमदार झाले, बहिरी न्हाई झाले."

प्रेमदासनं मान खाली घातली. "तुला सांगितलं असतं तर तू मोडलं असतंस."

"आत्ता बी मोडीन. बालविवाह हाय म्हणून ग्रामसेवकाला मीच फोन करीन."

"सख्ख्या भावाला जेलात घालशील?"

"घालीन. आन डबा बी मीच घेऊन येईन."

एरवी प्रेमदास अशा बोलण्यावर खदखदून हसला असता. आज तो हसला नाही. "मग मला एक सांग, मिरा. पोरीला ठेवू कुठं? तू शब्द आणला व्हतास. तुझ्या भरोशावर मी सोयरिकीला न्हाई म्हणत राहिलो. बाळापूरला जाऊन आलो. कुलूप हाय तिथं. म्हणतात मीटर न्हाई, लाईट न्हाई, पोरी ठेवता येत न्हाईत. वीजवाले वसतिगृहाच्या खात्याकडं बोट दावतात, ते वीजवाल्यांकडं. तू पुन्हा विचारलंस का?"

मंत्र्यांची बोलती बंद करणाऱ्या बाईनं हातातला लाडू ताटलीत परत ठेवला. नसाबाचा कायदा तिनं अशा जागी पाळला होता, जिथं तो कुणालाच ठाऊक नव्हता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. वीज हा आपला विषय म्हणून ती मिरवत होती आणि एका मीटरपायी पोरी बाशिंगाला निघाल्या होत्या.

त्याच संध्याकाळी तिनं नसाब बसवायला लावला. आजवर ती विचारणाऱ्यांत बसे, आज उत्तर देणाऱ्याच्या जागी बसली. "पुनमचं लगन होणार न्हाई. मी तिला घरी नेते," ती म्हणाली.

नायक जगननं विचारलं, "तुझ्या घरी एक पोरगी मावेल. तांड्यातल्या बाकीच्यांचं काय?"

"नागपूरचं अधिवेशन उठायच्या आत वसतिगृह उघडंल."

प्रेमदास उठला. "तवर पोरी म्हाताऱ्यांपाशी ठेवतो. पण या बारीला न्हाई उघडलं, तर पुढच्या साली तुला ढावलो बी ऐकू येणार न्हाई. आमी मुक्यानं लगनं लावू."

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. घरी येताच ती उद्धवरावांना म्हणाली, "काका, तुमचं ऐकायला पायजे व्हतं. आता तोच प्रश्न परत लावा."

"तोच प्रश्न स्वीकारत नाहीत, ताई. दिलेल्या आश्वासनाचं काय झालं, असं विचारता येतं." उद्धवरावांच्या कपाळावरची आठी त्या दिवशी पहिल्यांदा थोडी सैल पडली.

नागपुरात तिची पाळी आली. मिराबाईनं पदर खोचला आणि पावसाळ्यात विचारलेला प्रश्न शब्दाला शब्द जसाच्या तसा म्हटला. मागच्या बाकांवर खसखस पिकली. अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्य, हा विषय होऊन गेलेला आहे."

"होऊन गेला म्हणूनच विचारते, अध्यक्ष महोदय. आमच्या तांड्यावर दिलेल्या शब्दावर दुसऱ्यांदा विचारत न्हाईत. विचारलं तर समोरच्याला खोटारडा म्हटल्यासारखं होतं. म्हणून मी इतके महिने गप बसले. चूक माझी, पण सजा माझ्या भावाच्या पोरीला होणार व्हती. आज मी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारून राहिले. त्याचा आमच्याकडं काय अर्थ होतो, ते मी सांगितलं हाय."

खसखस थांबली. आश्वासन दिलेल्या मंत्र्यांनी ऊर्जामंत्र्यांकडे पाहिलं, ऊर्जामंत्र्यांनी कागदांत डोकं घातलं. शेवटी ऊर्जामंत्रीच उठले आणि म्हणाले, "मीटर तातडीनं बसवण्याचं मी आश्वासन..."

"शब्द नको साहेब. वायरमन पाठवा. मी उभी हाय."

आणि ती खरोखरच उभी राहिली. ऊर्जामंत्र्यांनी वीजवाल्यांना निरोप धाडला, अध्यक्षांनी समजावलं, जेवणाची सुट्टी झाली, लोक जेवून आले, तरी बाई आपल्या जागी उभीच. इकडे देविदास दुकान टाकून बाळापूरला धावला होता. दुपार कलता कलता उद्धवरावांची चिठ्ठी आत आली. कुलूप काढलं, मीटर बसलं, देविदासनं प्रत्येक खोलीतला दिवा लावून पाहिला. मिराबाईनं वाचलं, हात जोडले आणि खाली बसली. पाय इतके भरून आले होते की बाजूच्या सदस्यानं तिला आधार दिला.

पुनमसकट तांड्यातल्या पोरी वसतिगृहात राहायला गेल्या, त्या संध्याकाळी मिराबाई त्यांच्यासोबत होती. उसाच्या फडातून रूपाबाईचा फोन आला.

"लाईट हाय ना गं?"

"हाय वहिनी. पोरी पंख्याखाली बसल्यात, थंडी वाजती तरी बंद करू देईनात."

पलीकडे रूपाबाई हसली. मिराबाईनं फोन स्पीकरवर टाकून पुनमच्या हातात दिला, तशी ती लेकीला म्हणाली, "मी शिकवलेलं इसरलीस का?"

"न्हाई आई, समदं पाठ हाय. पण मी कुठं गेले? तुमीच गेलात ना."

एवढं बोलून पुनमनं फोन दोन्ही हातांनी गच्च धरला आणि तिथंच कॉटवर बसून, आईच्या गळ्यात पडल्यासारखी ढावलो गाऊ लागली. बाकीच्या पोरींनी पंखा बंद केला. फोनमधून रूपाबाईचे हुंदके येत होते आणि मध्येच, चुकलेली ओळही ती सांगत होती.

नागपुरात दिवसभर उभं राहून डोळ्यांतून टिपूस न काढलेली मिराबाई वसतिगृहाच्या पायरीवर बसून पोटभर रडली. मग तिनं नाक पुसलं, उद्धवरावांना फोन लावला आणि सांगितलं, "काका, पुढच्या अधिवेशनात या वसतिगृहाचा प्रश्न तिसऱ्यांदा लावा."

"पण ताई, आता तर ते सुरू झालं!"

"व्हय. सुरूच राहिलंय का, ते विचारायचंय."