वरचं काम

दातांच्या डॉक्टरचा पेशंट लग्नात भेटला तर हसून दाढ दाखवतो. हाडांचा पेशंट भेटला तर तिथल्या तिथे गुडघा वाकवून दाखवतो. आमचा पेशंट भेटला तर खांब शोधतो आणि खांबाआड उभा राहतो! प्लास्टिक सर्जरीच्या क्लिनिकमध्ये काउन्सेलर म्हणून माझं निम्मं आयुष्य गेलं, पण भर बाजारात 'मॅडम, ओळखलं का?' म्हणणारा एक माणूस भेटेल तर शपथ. त्यामुळे आमच्याकडचे किस्से बाहेर पडतच नाहीत, माळ्यावरच्या भांड्यांसारखे साचत राहतात. आज थोडे खाली काढते. नावं सगळी बदलली आहेत, तेव्हा अंदाज लावत बसू नका. हा किस्सा तुमच्या मावशीचा नाही. असला तरी नाही.

आमची मंडळी मोजकीच. सर म्हणजे आमचे सर्जन. त्यांना पेशंटसमोर हसू आलं की ते चष्मा काढून पुसत बसतात. ऑपरेशन थिएटर सांभाळणाऱ्या शीला सिस्टर. आणि मी. माझं काम पर्याय समजावून सांगायचं. पोट असेल तर नुसती चरबी ओढून काढायची, की लोंबणारी कातडीही कापायची? छाती असेल तर वाढवायची, कमी करायची, की उतरलेली वर उचलायची? सोपं वाटतं ना? पण आमच्याकडे अवयवाचं नाव कोणी घेईल तर! बाई खुर्चीत बसते, पदर सारखा करते आणि म्हणते, "मॅडम, वरचं काम आहे." पुढचं आपण समजून घ्यायचं.

अशाच एका बाईंना मी छातीचे सगळे पर्याय फोटोंसकट समजावून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत मान डोलावून ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "अजून वरचं, मॅडम. डोळ्याच्या पापण्या!"

* * *

आमचं क्लिनिक नागपूरच्या लकडगंजात, खाली लाकडाची आरामशीन, वर तिसऱ्या मजल्यावर आम्ही. बिल्डिंगच्या लिफ्टचा मूड असला तर चालते. एकदा एका बाईंचा फोन आला.

"तुमच्याकडे लिफ्ट आहे का?"

मला वाटलं, छाती उचलायच्या ऑपरेशनबद्दल विचारतायत. त्यालाही लिफ्टच म्हणतात. बिचारी लाजत असेल, आपणच धीर द्यावा. "आहे ना ताई! फार छान होते. सर स्वतः करतात."

"डॉक्टरसाहेब सोता?" बाई चकित.

"हो, आणि काही कळतही नाही. भूल देतो ना आपण. तुमच्यासाठीच ना?"

"नाही, आईसाठी. सत्तरीच्या वर आहे ते."

सत्तरी! पण माणसाची हौस, आपण कोण बोलणारे? तरी विचारलंच, "या वयात त्यांना लिफ्ट कशाला हवी?"

"कमाल करता मॅडम! हातावरचा भाजल्याचा डाग दाखवाचा आहे तिले. तिसऱ्या माळ्यावर काय खांद्यावर घेऊन येऊ?"

* * *

छाती वाढवायची असेल तर आत सिलिकॉनची गादी बसवतात. पेशंटला दाखवायला तिचे लहानमोठे नमुने माझ्या टेबलावर असतात. एक बाई दोन जावा आणि एक नणंद घेऊन आल्या. आमच्याकडे बाई एकटी साडी घेत नाही, मग हे कसं घेईल? चौघींनी सगळे नमुने टेबलावर मांडायला लावले. हातात तोलून पाहिले, दाबून पाहिले, उजेडात नेऊन पाहिले. "अंगावर कसं दिसन हे?" "यात अजून दाखवा ना!" मी दाखवत राहिले. गळ्यात टेप तेवढा नव्हता.

शेवटी दोन साइझ उरल्या आणि बाईंचं काही ठरेना. तेवढ्यात सर आत आले. "मग, काय ठरलं?"

थोरल्या जाऊबाईंनी निकाल दिला, "मोठंच घे वं. धुतल्यावर आटते."

सरांनी त्या दिवशी चष्मा इतका पुसला की मला वाटलं, काच झिजेल.

त्याच नमुन्यांतला एक, बायको आत तपासणीला गेली असताना, एका गृहस्थांनी उचलला आणि बसल्या बसल्या मळायला घेतला. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. बायको बाहेर आली तेव्हा मला म्हणाले, "मॅडम, हे कुठी भेटते? टेन्शनले लय भारी आहे!" बायकोने ज्या नजरेने पाहिलं, त्यावर कुठलंच ऑपरेशन नाही.

* * *

खापरखेड्याहून एक जोडपं आलं. काका वीज केंद्रातून रिटायर झालेले, काकूंना पोटाची चरबी काढायची होती. सरांनी नळीने चरबी कशी ओढतात ते सांगितलं. काका एकदम खुलले. शाळेतल्या पोरासारखे खुर्चीच्या टोकावर आले.

"म्हणजे सक्शन लाइन टाकता तुम्ही! बरं, शटडाउन कितीक दिवसाचं? मंग फुल लोडवर कधी चालन? आन् मध्येच ट्रिप झालं तं?"

सर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होते. काकू मात्र पदराने पोट झाकून घेत होत्या. आपलं पोट म्हणजे वीज केंद्राचं युनिट झालेलं कोणाला आवडेल? शेवटी काकांनी विचारलं, "आन् हे सगळं करून आउटपुट वाढन का?"

काकूंनी काकांच्या खिशातल्या बिडीच्या कट्ट्याकडे बोट केलं. "डॉक्टर, माह्यं पोट राहू द्या. पहिले यायची चिमणी बंद कराचं ऑपरेशन आहे का?"

* * *

आता भूषणचा सांगते. पुरुषांचीही छाती वाढते हो. दोष कोणाचाच नसतो, आणि कितीही पळलं तरी ती उतरतेच असं नाही. भूषण कळमेश्वरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. नागपूरच्या उन्हात आत घट्ट बनियन, त्यावर दुसरा बनियन, त्यावर ढगळ शर्ट. घामाने निथळत माझ्यासमोर बसला होता. मी विचारलं, "एवढी वर्षं काढलीत, आता काय अडलं?"

"हळद," तो म्हणाला.

मे महिन्यात त्याचं लग्न होतं. हळदीला नवरदेवाला पाटावर बसवतात आणि जिजाजी नि मित्र मिळून अंगावरचा बनियन टराटरा फाडतात. सगळं वऱ्हाड मोबाइल घेऊन उभं असतं.

"त्यांना सांगा ना, फाडू नका म्हणून."

"कसं सांगू मॅडम? जिजाजीच्या हळदीत त्यायचा म्याच फाडला होता!"

मला हसू आलं, पण पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. तळ्यात कधी पोहला नाही, गावाकडे कधी उघडा झोपला नाही. म्हणाला, एक तर ऑपरेशन, नाही तर लग्न कॅन्सल. आणि होणाऱ्या बायकोला यातलं काही कळता कामा नये. मला त्याची मनापासून दया आली. मी लवकरची तारीख काढून दिली.

तारखेला भूषण आला. शीला सिस्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"काईच नाही. एकदम उपाशी आहो."

"मग शर्टावर हे लाल काय?"

"ते? ते तं तर्री आहे."

"म्हणजे तर्री-पोहे खाऊन आलात?"

"पोह्याले खाणं कोण म्हणते सिस्टर? तो तं नाश्ता आहे!"

भरल्या पोटावर भूल देता येत नाही. ऑपरेशन रद्द. भूषण रडकुंडीला आला. जाता जाता त्याने मला फोनवरचा फोटो दाखवला. "ही प्रणाली. इले कळलं तं खतम आहे मॅडम."

मी फोटो पाहिला आणि टेबल धरलं. ही मुलगी आदल्याच दिवशी त्याच खुर्चीत बसून गेली होती!

* * *

प्रणाली एका शाळेत गणित शिकवते. शिडशिडीत, तरतरीत पोरगी. लग्नाचा ब्लाउज शिवायला टाकला तेव्हा टेलर सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "ताई, पॅड टाकल्याशिवाय फिटिंग बसत नाही. एकानं भागणारही नाही." त्या रात्री ती रडली आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आली. सरांनी तिला आधी सांगितलं की तुझ्यात काही कमी नाही, घाई करू नकोस. तरी पर्याय विचारलेस म्हणून सांगतो. एक म्हणजे सिलिकॉन. दुसरा म्हणजे आपल्याच पोटाची, मांडीची चरबी काढून तिथे भरायची. पण तुझ्या अंगात काढण्यासारखी चरबीच नाही!

"त्यायनं मले पदर घेतलेल्या फोटोत पाहिलं," ती मला म्हणाली. "भेटलो तं बी ओढणीच होती. लग्नानंतर वाटन ना त्यायले, पोरीवाल्यांनी फसवलं. त्यायले कळू नका देऊ मॅडम, तुमच्या पाया पडते."

झालं! याचं तिला सांगायचं नाही, तिचं याला सांगायचं नाही. आमच्या धंद्यात पेशंटची गोष्ट पोटातच ठेवावी लागते, पण दोन गोष्टी एकाच पोटात ठेवून माझी झोप उडाली. मी दोघांना वेगवेगळे वार दिले. पण सर एक दिवस बाहेरगावी गेले, वार हलले, आणि पोह्यांमुळे पुढे ढकललेला भूषण नेमका प्रणालीच्याच वारी येऊन बसला.

ऊन तापायला लागलं होतं. आमच्याकडे अशा उन्हात माणूस डोळ्यांपुरताच दिसतो. भूषण डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा गुंडाळून कोपऱ्यात बसलेला. प्रणाली आली, तीही स्कार्फ बांधून, गॉगल लावून. दुसरी खुर्ची रिकामी नव्हती. ती त्याच्या शेजारी बसली.

मी काउंटरवरून पाहत होते. देवा, आत बोलाव एकाला तरी लवकर! आत सरांचा पेशंट संपता संपत नव्हता. प्रणालीला कंटाळा आला असावा. तिने फोन काढला आणि नंबर लावला. शेजारच्या खिशात फोन वाजला.

भूषणने नाव पाहिलं आणि दचकून भिंतीकडे तोंड केलं. "हॅलो," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"कुठी आहे तुम्ही?" प्रणालीने तोंडावर हात धरून विचारलं.

"कंपनीत. शिफ्टवर आहो ना."

खालच्या आरामशीनवर तेवढ्यात मोठा ओंडका चढला. घर्रर्र!

"मंग मागं लाकूड काहून कापून राहिले?"

"नवीन मशीन आली. तू कुठी आहे?"

"शाळेत. पेपर तपासून राहिली."

"तुह्या शाळेत बी लाकूड कापून राहिले का?"

"बेंच बनवून राहिले."

आरामशीन थांबली. दोघंही थांबली. मग दोघांनी हळूहळू माना वळवल्या. प्रणालीने गॉगल काढला. भूषणने दुपट्टा सोडला. दोघांचे फोन अजून कानालाच होते.

"तू इथं काहून?" तो फोनमध्येच म्हणाला.

"तुम्ही इथं काहून?" तीही फोनमध्येच.

नेमक्या शीला सिस्टर दारात आल्या. "पुढचा पेशंट कोण?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

मी दोघांना बाजूला घेऊन विचारलं, एकेकटं जायचं की जोडीने? भूषण म्हणाला, "एकेक." प्रणाली म्हणाली, "जोडीनं." जोडीने आत गेले. काय घडलंय ते मी सरांच्या कानात सांगितलं आणि दाराशी उभी राहिले. सरांनी चष्मा पुसला नाही. लग्न मोडतं की काय, अशी भीती त्यांच्याही तोंडावर दिसत होती.

भूषणनेच तोंड उघडलं. खाली मान घालून हळदीचं, बनियनचं, जिजाजींचं सगळं सांगून टाकलं. मग म्हणाला, "फोटो पाहून तू हो म्हटलं, पण फोटोत शर्ट होता. तुह्या मनात आता नसन तं तसं सांग. घरी मी सांगतो का म्याच नाही म्हटलं. तुह्यावर काही येऊ देणार नाही."

 मग प्रणालीनेही टेबलाकडे पाहत टेलरचं सांगितलं, ब्लाउजचं सांगितलं. "डॉक्टर म्हणते, भराले आपल्याच अंगची चरबी लागते. आन् माह्या अंगात तेच नाही."

  प्रणालीने ओढणीने डोळे पुसले, मान वर केली आणि पहिल्यांदाच भूषणकडे नीट पाहिलं. गळ्यापासून पोटापर्यंत, अगदी शांतपणे. मग सरांकडे वळली.

"डॉक्टर, यायचं काढून मले नाही लावता येत का?"