न्हाणीघरातला बोळा

गळतीमामा हे नाव त्यांना कॉलनीतल्या मुलांनी ठेवलं आणि मोठ्यांनी उचललं. नव्या इमारतींच्या न्हाणीघरांतून पाणी खाली झिरपू नये म्हणून फरशीखाली थर द्यायची कामं ते घेत. कुठे छताला ओल दिसली की मामा ती जागा सोडून भलतीकडेच बोटं फिरवत बसायचे आणि पाण्याचा माग लागल्याशिवाय उठायचे नाहीत.

त्यामुळे पैसे अडले, तेव्हा चिडण्याआधी त्यांना कोडंच पडलं. काम कधीच संपलं होतं, पण कॉन्ट्रॅक्टर दर खेपेला म्हणे, "मालकाकडून सुटले की तुमचे पहिले, मामा." माणूस बोलण्यात गोड असला तरी बुडव्या नव्हता. मग पैसे मुरले कुठे?

"अहो, त्या दोघा कामगारांचा पगार थकलाय," बायको म्हणाली. "उद्या ते दुसरीकडे गेले तर घमेली काय तुम्ही एकटे उचलणार? आणि माझा तो हिरव्या चौकड्यांचा पडदा कुठे गेला?"

"कोणता पडदा?" म्हणत मामांनी चपला पायात सरकवल्या.

साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात कॉन्ट्रॅक्टरसमोर प्लंबर तोंड पाडून बसला होता.

"मालकाकडे अडलंय तरी काय?" मामांनी विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात पाणी तुंबतंय," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "ते जाईपर्यंत माझं बिल बंद, म्हणून तुमचंही. सगळी या महाशयांच्या पाइपाची कृपा!"

"माझा पाइप साफ होता!" प्लंबर उसळला. "आत कुणीतरी सिमेंट पाडलंय. साफ करायची वायर पुढे जात नाही."

"मग फरशी फोडू. खर्च तुझ्या बिलातून."

"फोडण्याआधी मी एकदा बघू का?" मामा म्हणाले. खरं तर त्यांना राहवतच नव्हतं.

वर जाळीभोवती पाण्याचं डबकं साचलं होतं. मामांनी उकिडवं बसून जाळी काढली आणि वायरचं टोक वाकवून आत घातलं.

"सिमेंट असं दबत नाही."

"मग काय उंदीर आहे?" प्लंबर म्हणाला.

मामांनी वायर फिरवून ओढली. गुडगुड आवाज करत पाणी निघून गेलं आणि वायरच्या टोकाला काळपट चिंधी आली. ती पिळताच हिरव्या चौकड्या दिसल्या. मामांची कानशिलं तापली.

थर दिल्यावर पाइपात बोळा कोंबायचा, खोलीत पाणी भरून ठेवायचं आणि खाली ओल येते का पाहायचं, ही त्यांची पद्धत. या वेळी फरशीवाला घाई करत होता, म्हणून त्यांनी पाणी बादलीनंच उपसलं. बोळा तसाच राहिला.

"पाइप तुझा, तर चिंधीही तुझीच," कॉन्ट्रॅक्टर प्लंबरला म्हणाला. "तुझ्या बिलातून कापणार."

प्लंबरनं कपाळावर हात मारला. मामांना वाटलं, आता गप्प बसलं की पैसे हातात. त्यांनी चिंधी आणखी एकदा पिळली.

"बोळा माझा आहे," ते म्हणाले. "कापायचं ते माझं कापा."

कॉन्ट्रॅक्टर भिंतीला टेकून हसायला लागला. "म्हणजे मामा, स्वतःच्याच पैशांच्या वाटेत बोळा घालून तुम्ही माझ्या दारात बसत होतात?"

"आणि माझ्या फुकटच्या खेपा?" प्लंबर गुरगुरला.

त्याच्या खेपांचे पैसे मामांच्या बिलातून गेले. मालकानं पाणी वाहताना पाहिलं, आणि त्याच आठवड्यात चेक निघाला. दोघा कामगारांना देऊन उरलं ते मामांनी बायकोच्या हातावर ठेवलं, वर ती धुतलेली चिंधी.

"एवढेच?" तिनं विचारलं. मग चिंधी उलगडली. "अरे देवा! माझा पडदा!"

मामांनी सगळं सांगितलं आणि उरलेला पडदा हत्यारांच्या पिशवीतून काढून दिला. ती पदर तोंडाला लावून हसली आणि बोळ्यांसाठी तो फाडायला बसली.

तेव्हापासून मामा बोळ्याची चिंधी तिच्याकडून मागून नेतात. काम उरकून घरी आले की ती हात पुढे करते. हिरव्या चौकड्या परत आल्याशिवाय चहा मिळत नाही.