आखाजीची घागर

“उभी राहा आणि मंडळीला सांग, तुझी आई आज कुठे आहे.”

रविवारची उपासना. धुळ्यातलं आमचं चर्च गच्च भरलेलं. पाळकसाहेबांचं बोट माझ्याकडे. मी उभी राहिले.

गुन्हा काय? खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या वारलेल्या माणसासाठी पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. मी लग्नानंतर बाप्तिस्मा घेतला. माय मात्र बाप्तिस्म्याशिवायच गेली. मला भाऊ नाही. मी नाही भरणार तर कोण भरणार? मागच्या दारी, मोरीजवळ लपवून भरली. पाळकबाई घरी आल्या, त्यांनी पाहिली.

“नरकात,” मी म्हणाले.

“मोठ्यानं.”

“नरकात आहे.”

मंडळी म्हणाली, “आमेन.”

लाज वाटते. पाळकसाहेबांची नाही, माझीच. नरडाण्याच्या रस्त्यालगत माय शेतात राबायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या तहानलेल्याला पाणी द्यायची. “तू कोन्या गावना, कोन्या जातना, हाई मी नही इचारस. तीस लागनी ना? पी ले.” त्या बाईला मी, पोटच्या पोरीनं, आगीत ढकललं. प्रभुभोजनाच्या रांगेतून मला काढू नये म्हणून.

घरी येऊन पेला तोंडाला लावला. न पिताच खाली ठेवला. पाळकसाहेब शिकवतात, नरकात जीभ भिजवायलाही थेंब मिळत नाही, आणि स्वर्गातून ते सगळं दिसतं. म्हणजे खाली माय तहानलेली आणि मी वर बसून गाणी म्हणायची? पाप म्हणे जन्मासोबतच येतं. माय पहिल्यांदा रडली तेव्हाच गुन्हेगार! आयुष्य चार दिवसांचं, शिक्षा कधीच न संपणारी. एवढा डूख तर भाऊबंदही धरत नाहीत.

पाळकसाहेबांच्या आईच्या कबरीवर दर नाताळला हार चढतो. ते प्रेम. माझं पाणी ते पाप. ते तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, मी कालची.

पुढच्या रविवारी त्यांनी प्याला पुढे केला. “आता तू शुद्ध झालीस. घे.”

मी हात मागे घेतला. “माझी माय नरकात नाही. मी खोटं बोलले. तुम्ही बोलायला लावलं.”

“अशानं तूच तिथे जाशील.”

“जाईन. तिथं पाणी द्यायला कुणीतरी लागेलच.”

आणि मी स्वतःच रांगेतून बाहेर पडले.

येत्या आखाजीला घागर मोरीजवळ नाही, पुढच्या ओट्यावर भरणार. कुणाची, असं विचारलं तर मायचं नाव मोठ्यानं सांगणार. त्या रविवारची लाज त्यानं धुतली जायची नाही. तरी भरणार.